बाराही महिन्यांचा हट्ट

बाल्कनी किंवा घराला लागून असलेली गच्ची काचेनं बंद करून तिची 'सनरूम' करण्याची लाट पुण्या-मुंबईपासून नाशिक-नागपूरपर्यंत पोचली आहे. तिचे समर्थक जे सांगतात ते ऐकायला अगदी बिनतोड वाटतं. काचेची खोली एप्रिलमध्ये भट्टी होते आणि जानेवारीत गारठते, ही म्हणे जुन्या काळची तक्रार. आता इन्व्हर्टर एसी आहेत, एकाच यंत्रातून गरम आणि गार दोन्ही हवा मिळते, डबल ग्लेझिंग आहे. तेव्हा टनाचा हिशेब नीट करा, काच चांगली घ्या, आणि बाराही महिने तिथे चहा प्या, पुस्तक वाचा, घरून काम करा. शेवटचा हुकमी पत्ता म्हणजे अमेरिका. न्यू जर्सीतल्या भाचीच्या घरी आहेच की सनरूम. बाहेर बर्फ आणि आत मामा-मामी हाफ स्वेटरवर, असा फोटो घरच्या ग्रुपवर येऊन गेलेला असतो.

या युक्तिवादातली प्रत्येक वस्तू खरी आहे. एसी खरे आहेत, काच खरी आहे, फोटोही खरा आहे. माझा आक्षेप त्यांच्या क्रमाला आहे आणि त्याहून जास्त 'बाराही महिने' या अटीला. ही अट घातली की खोलीचा प्रश्न आपोआप यंत्राचा प्रश्न होऊन बसतो. तो तसा नाही.

आधी आकड्यांनीच बोलू, कारण टनांची भाषा समोरच्यांनीच काढली आहे. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. आता दहा बाय बाराची एक खोली घ्या. तिची दहा फुटांची बाजू पश्चिमेला आहे आणि तिथे सात फूट उंचीची काच आहे. म्हणजे काच झाली सुमारे साडेसहा चौरस मीटर. एप्रिलमध्ये दुपारी चार-साडेचारला पुण्यात सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर उतरलेला असतो आणि पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे 600 वॅट ओततो. साधी काच त्यातला चार पंचमांश भाग आत सोडते. गुणाकार केला की तीन किलोवॅट येतात. जवळजवळ एक टन, आणि तोही फक्त एका भिंतीतून. माणसं, टीव्ही, तापलेलं छप्पर, बाहेरची 38 अंशांची हवा यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. गच्चीवरच्या खोलीला छप्परही काचेचं किंवा पारदर्शक पॉलीकार्बोनेटचं असेल, तर भर दुपारी एकट्या छपरातून दोन टनांच्या आसपास उष्णता उतरू शकते. अकरा चौरस मीटरच्या खोलीला तीन-साडेतीन टन! बाजूच्या तेवढ्याच मापाच्या झोपायच्या खोलीला एक टन पुरतो.

समर्थक इथे डगमगत नाहीत. मग बसवा मोठा एसी, ते म्हणतात, ज्याला परवडतं त्याला परवडतं. हे उत्तर मला प्रामाणिक वाटतं, म्हणून ते मी विजेच्या बिलावर ढकलून देणार नाही. पश्चिमेच्या काचेतून येणारी तीन किलोवॅट उष्णता उपसायला आजच्या चांगल्या एसीला एक किलोवॅटच्या आतबाहेर वीज लागते. पाच तास चालवला तर रोजची पाच युनिटं. गच्चीला काच लावायला दोन-तीन लाख मोजणारा माणूस पाच युनिटांना घाबरत नाही, आणि त्यानं घाबरावं असं माझं म्हणणंही नाही.

म्हणणं असं आहे की एवढी वीज जाळूनही आराम मिळत नाही. एसी हवा गार करतो. शरीराला जाणवणारं तापमान मात्र निम्मंच हवेचं असतं. उरलेलं निम्मं भोवतीच्या भिंतींचं, छताचं, काचेचं आणि थेट अंगावर पडणाऱ्या उन्हाचं असतं. ओली फॅंगर या डॅनिश संशोधकानं 1970 मध्ये औष्णिक आरामाचा जो हिशेब मांडला, त्यात हवेच्या तापमानाबरोबर भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि माणूस काय काम करतो आहे, एवढे सगळे घटक आहेत. थर्मोस्टॅटला यातला एकच कळतो. म्हणून काचेच्या खोलीत रिमोटवर 24 दिसत असतात आणि खुर्चीत बसलेल्याचा डावा खांदा भाजत असतो. मग तो 20 करतो, 18 करतो. उजव्या खांद्याला हुडहुडी भरते, डावा भाजतच राहतो. 1 जानेवारी 2020 पासून नव्या एसींचं मूळ सेटिंग 24 अंशांवर असावं असा केंद्र सरकारचा नियम आहे. नियम चांगला आहे, पण तो भिंती असलेल्या खोल्यांसाठी आहे. पश्चिमेच्या काचेसमोर बसलेला माणूस तो पाळू शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

यानंतर जे होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पडदे येतात. आधी झिरझिरीत, मग जाड, मग अस्तरवाले ब्लॅकआउट. मे महिन्यात चार वाजता अशी सनरूम बघावी: काच बंद, पडदे बंद, ट्यूबलाइट चालू, एसी चालू. उजेडासाठी, बाहेरच्या झाडासाठी आणि आकाशाच्या तुकड्यासाठी जी भिंत पाडली, ती आता कापडाची करून परत उभी केली आहे. तीही चुकीच्या बाजूला, कारण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. पांढरा पडदा त्यातलं काही परत बाहेर फेकतो, फार तर निम्म्याच्या आसपास. गडद रंगाचा पडदा स्वतःच तापून खोलीत शेगडी होतो. हीच सावली काचेच्या बाहेर असती तर चार हिश्श्यांतले तीन-साडेतीन हिस्से उष्णता बाहेरच राहिली असती. कापड तेच, बांबू तोच, फक्त काचेच्या पलीकडे. बराच फरक एवढ्यानं पडतो.

डबल ग्लेझिंगबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण विक्रीच्या गप्पांमध्ये सर्वांत मोठी दिशाभूल याच ठिकाणी होते, बहुतेक वेळा नकळत. काचेतून उष्णता दोन वाटांनी येते. एक वाट वहनाची. बाहेर 40, आत 25, म्हणून उष्णता काचेतून झिरपते. साध्या काचेत हे प्रमाण दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला सुमारे पावणेसहा वॅट असतं. दोन काचांमध्ये हवेची पोकळी ठेवली की ते अर्ध्यावर येतं. दुसरी वाट थेट उन्हाची. ऊन काचेतून आरपार येतं आणि फरशीवर, सोफ्यावर पडून तिथे उष्णता होतं. या दुसऱ्या वाटेवर दुहेरी साध्या काचेचा उपयोग अगदी थोडा आहे. चार पंचमांशाच्या जागी सुमारे सत्तर टक्के, इतकाच. न्यू जर्सीत जानेवारीच्या रात्री आत 21 आणि बाहेर उणे 10 असतात. एकतीस अंशांचा फरक! तिथे पहिली वाट हाच शत्रू, म्हणून दुहेरी काच हे तिथलं खरं उत्तर. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी आत-बाहेरचा फरक पंधरा अंशांच्या आत असतो आणि ऊन डोक्यावर. आपला शत्रू दुसऱ्या वाटेनं येतो. तिथे उपयोगी पडते ती ऊन परतवणारा लेप दिलेली काच. ती मिळते, महाग असते, आणि उन्हाचा पाव ते चाळीस टक्के भागच आत सोडते. पण जी काच उष्णता अडवते ती थोडाफार उजेडही अडवते, शिवाय बाहेरून आरशासारखी दिसते. म्हणून नमुना पाहून गिऱ्हाईक नेमकी ती नाकारतं. अमेरिकेतली उत्तम काच इथे उत्तम ठरेलच असं नाही. तिथल्या थंड राज्यांसाठी केलेला लेप ऊन आत घेऊन उष्णता आत कोंडण्यासाठी असतो. तीच काच कोथरूडच्या पश्चिमेच्या बाल्कनीला लावणं म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी पांघरण्यासारखं.

आता त्या अमेरिकेकडेच वळू. दाखला त्यांनी दिला आहे, तर तो पूर्ण वाचू.

अमेरिकेतल्या घरबांधणीच्या ऊर्जा नियमावलीत सनरूमची स्वतंत्र व्याख्या आहे: घराला जोडलेली एक मजली खोली, जिच्या बाहेरच्या भिंती आणि छप्पर मिळून 40 टक्क्यांहून अधिक भाग काचेचा आहे. या खोलीला इन्सुलेशनच्या नियमांत सवलत मिळते, पण अटीवर. मूळ घर आणि सनरूम यांच्यामध्ये भिंत किंवा बंद होणारं दार राहिलं पाहिजे, आणि तिचं गरम-थंड करणं घरापासून वेगळं असलं पाहिजे. ब्रिटनमध्येही हीच समज. तिथल्या 30 चौरस मीटरपर्यंतच्या काचेच्या खोलीला बांधकाम नियमांतून सूट मिळायची तर घराच्या बाजूला बाहेरच्या दर्जाची भिंत, दार, खिडकी कायम हवी, आणि घराची हीटिंगची व्यवस्था त्या खोलीत वाढवलेली नको. ज्यांनी ही खोली शोधली, तिच्यावर जीव टाकला, त्यांनी तिला नियमानं घराबाहेर ठेवलं आहे. ती घराच्या आत आली की घराची उष्णता थंडीत गळते आणि उन्हाळ्यात तिची उष्णता घरात शिरते, हे त्यांना बिलं भरून कळलं आहे. अमेरिकेतले विक्रेतेही तीन ऋतूंची खोली आणि चार ऋतूंची खोली असे दोन वेगळे प्रकार, वेगळ्या किमतीला विकतात. ब्रिटनमध्ये तर कित्येक घरमालक आता काचेचं किंवा पॉलीकार्बोनेटचं छप्पर काढून त्या जागी इन्सुलेशन असलेलं घट्ट, कौलारू छप्पर घालून घेत आहेत. बाराही महिने वापरायची आहे ना, मग ती थोडी कमी काचेची करा, हे उत्तर तिथल्या लोकांनी स्वतःच्या पैशानं दिलं आहे.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट चालतं. बाल्कनी बंद करताना पहिलं काम म्हणजे हॉल आणि बाल्कनी यांमधलं सरकतं दार काढून टाकणं, शक्य झालं तर बाजूची भिंतही. हॉल मोठा होतो! आणि शंभर चौरस फुटांच्या काचेच्या पेटीला अडीचशे चौरस फुटांचा हॉल जोडला जातो. आता एसी दोघांसाठी चालतो. बाल्कनी होती तेव्हा तिच्या वरचा स्लॅब हॉलच्या दाराला सावली देत होता. ती पाच फुटांची सावली हे त्या हॉलचं सर्वांत स्वस्त शीतयंत्र होतं. वाराही गेला. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त उष्ण-दमट हवामानासाठी घरातला उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावा असं म्हटलं आहे. दोन ट्रॅकची सरकती काच कितीही रुंद लावा, ती निम्मीच उघडते. आणि काही घरांत तर हॉलच्या एसीचं आउटडोअर युनिट त्याच बाल्कनीत टांगलेलं असतं, तेही काचेच्या आत येतं. मग ते युनिट खोलीत उष्णता सोडतं, एसी ती उपसतो, आणि युनिट ती परत सोडतं. यावर आणखी लिहिण्याची गरज नसावी.

बंद करण्याची कारणं खोटी नसतात, हे मात्र मान्य केलं पाहिजे. कबुतरं आहेत. रस्त्याची धूळ आहे. जुलैत वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस आहे, संध्याकाळचे डास आहेत. मुंबईत साडेचारशे फुटांच्या घरात चौघं राहतात तिथे बाल्कनीचे चाळीस फूट म्हणजे मुलाच्या अभ्यासाचं टेबल असतं. त्या घराला वास्तुशास्त्राचे धडे देण्याचा मला अधिकार नाही. पण कबुतरांना जाळी पुरते, डासांनाही जाळीच लागते, आणि पावसाला सरकवता येणारा अडसर पुरतो. कोकणात पडवीला पावसाळ्यापुरती झावळ्यांची झापं बांधतात आणि नंतर सोडतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत, ते उजेड आत घेत आणि उन्हाचा झोत मोडत. अडचण ऋतूची असेल तर उपायही ऋतूपुरता असू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नव्हती.

आता तांत्रिक बाजूनं येणारा सर्वांत वजनदार प्रतिप्रश्न. काच आणि यंत्र यांची सांगड नीट बसली तर काय होऊ शकतं हे अजून आपण पाहिलंच नाही, असं काही तरुण आर्किटेक्ट म्हणतात. पाहिलं आहे. पॅरिसमध्ये 1933 साली वास्तुविशारद ल कॉर्ब्यूझिएनं मुक्तिफौजेसाठी निराधारांचं वसतिगृह बांधलं. दक्षिणेची आख्खी दर्शनी बाजू काचेची, सीलबंद. हवा यंत्रानं खेळवायची. मूळ कल्पनेतली दुहेरी कातडी आणि गार हवेची यंत्रणा पैशाअभावी गळाली. हिवाळा बरा गेला, उन्हाळ्यात आतली माणसं शिजली. शेवटी उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या. प्रतिपक्ष लगेच म्हणेल की बघा, यंत्र नव्हतं म्हणूनच फसलं. ठीक. पण महायुद्धानंतर त्या इमारतीची डागडुजी झाली तेव्हा काय बसवलं? काचेच्या बाहेर काँक्रीटचे सूर्यरोधक. आणि तोच कॉर्ब्यूझिए पुढे चंदीगढला आला तेव्हा त्यानं काचेच्या पुढे खोल चौकटी उभ्या केल्या आणि ऊन दारातच अडवलं. काचेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण क्रम त्यानं बदलला.

मुंबईत याहून जवळचं उदाहरण आहे. पेडर रोडजवळचं 'कांचनजंगा', चार्ल्स कोरियांनी आखलेलं, 1983 मध्ये पूर्ण झालेलं. तिथला पेच आपल्या सनरूमचाच होता: वारा आणि समुद्राचं दृश्य पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पावसाचा मारादेखील पश्चिमेलाच. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलला आणि उंच इमारतीत दुमजली खोल गच्च्या कोरल्या. राहायच्या खोल्या त्यांच्यामागे, सावलीत ठेवल्या. दृश्य आहे, वारा आहे, ऊन मात्र गच्चीतच थकतं. मुंबईतल्या सर्वांत महागड्या घरांमध्ये ही घरं मोडतात, म्हणजे उघडी जागा ठेवणं हे गरिबीचं लक्षण आहे असंही कुणी म्हणू नये.

मग काचेची खोली आपल्याकडे करूच नये का? करावी, पण दिशा बघून. आणि दिशेची गोष्ट एवढी सोपी आहे की ती विक्रेते सांगत का नाहीत याचं मला नवल वाटतं. पुण्यात 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून 48 अंशांवर असतो. मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येतो; 13 मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावली दिवस असतो. तिथपासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला कडक उन्हाळ्यात थेट ऊन जवळपास लागतच नाही. दक्षिणेला सात फुटी काच आणि तिच्या लगेच वर अडीच फुटांचा छज्जा एवढं केलं, तर मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत थेट ऊन काचेवर येत नाही. डिसेंबरात मात्र छज्ज्याची सावली दुपारी वरच्या पावणेतीन फुटांवर थांबते आणि खालच्या चार-सव्वाचार फुटांतून ऊन आत फरशीवर पसरतं. फरशी शहाबादी किंवा कोट्याची, गडद रंगाची असेल, तर ती दिवसभर तापते आणि संध्याकाळी ऊब परत देते. ही सनरूम बिनयंत्राची आहे. पूर्वेची खोलीही निभावते, कारण सकाळी हवा गार असते आणि नऊ-दहानंतर ऊन वर चढतं. पण बिल्डर 'सनसेट व्ह्यू'चे पैसे घेतो आणि आपण ते देतो. आपल्याकडच्या काचेच्या खोल्यांमधल्या कितीतरी पश्चिमेला तोंड करून असतात ते त्यामुळेच. पश्चिमेला छज्जा कितीही पुढे काढा, तीस अंशांवरचं ऊन त्याच्या खालून शिरतं. तिथे उभी सावलीच लागते: बांबूच्या चिका, वाळ्याचे पडदे, उभ्या पट्ट्या, शेडनेट, नाहीतर मधुमालतीचा वेल.

थंडीच्या बाजूचा हिशेब पटकन आटपतो. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास जातो, निफाडला त्याहून खाली. वीस चौरस मीटर साधी काच आणि दहा अंशांचा फरक धरला तर काचेतून सव्वा किलोवॅटच्या आत उष्णता जाते. साधा हीटर ती भरून काढतो. असे दिवस किती? आणि त्या रात्री अकरा वाजता काळ्या काचेसमोर बसायचं कुणाला असतं? जाड पडदा आणि एक शाल. पडदा आतून लावण्याची हीच वेळ. त्यासाठी गरम-गार दोन्ही करणारं महागडं यंत्र घ्या, असा सल्ला नागपुरातही देऊ नये.

गारव्यासाठी यंत्राच्या आधी काय, याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं 1909 मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवाचं पातळ तबक, जे काचेच्या उलट उष्णतेचे लांब किरण आरपार जाऊ देतं. काच हे किरण कोंडते म्हणून काचघर तापतं, हे खरं असेल तर सैंधवाची पेटी बरीच गार राहायला हवी होती. दोन्ही जवळजवळ सारख्याच तापल्या. काचघर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. याचा घरगुती अर्थ सरळ आहे: काचेच्या खोलीला वरच्या बाजूला उघडणारी झडप आणि खालच्या बाजूला हवा आत येण्याची वाट हवी. गरम हवा वरून निघून जाते, खालून नवी येते. घडी होऊन पूर्ण बाजूला सरकणारी काच, छताचा पंखा आणि बाहेर चिका, एवढ्यावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सबंध दिवस, आणि उरलेल्या महिन्यांत सकाळी आठपर्यंत व संध्याकाळी सातनंतर खोली वापरता येते. विदर्भात मेच्या कोरड्या हवेत त्यात वाळ्याचा कूलर जोडा, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवून.

म्हणजे एप्रिल-मेची दुपार सुटली, असं कुणी म्हणेल. हो, सुटली. आपल्याच देशात जिथे काचेची खोली सर्वांत गरजेची आहे तिथेही ती काही महिन्यांपुरतीच असते. लडाखी घरांत वरच्या मजल्यावर दक्षिणाभिमुख 'शेलखांग' असते, काचेची खोली. बाहेर उणे पंधरा-वीस असताना कुटुंब दिवसभर तिथे बसतं. लेहजवळ फे गावात सेकमॉल या संस्थेचं आवार आहे. तिथल्या मातीच्या इमारतींना दक्षिणेला जोडलेलं प्लास्टिकचं काचघर हिवाळ्यात लावतात आणि उन्हाळ्यात काढून टाकतात. तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, जिथे उन्हाचा प्रत्येक कवडसा मोलाचा, तिथले लोक सहा महिने प्लास्टिक गुंडाळून ठेवतात. आपण 38 अंशांच्या गावात ती खोली मे महिन्यातही चालली पाहिजे म्हणून तिच्यावर साडेतीन टनांची यंत्रं चढवतो.

ज्यांनी काच लावून टाकली आहे त्यांना काच काढा असं मी सांगत नाही. हॉलचं दार काढलं असेल तर ते परत बसवा. एसीचं आउटडोअर युनिट काचेबाहेर न्या. काचेचं छप्पर असेल तर त्यावर निदान मार्च ते जून शेडनेट ताणा. कायमचा इलाज म्हणून निम्मं छप्पर घट्ट करा. पश्चिमेला चिका बाहेरून सोडा. एवढं झाल्यावर एसी लागलाच, तर तो बहुधा एक टनाचा पुरेल, आणि पावसाळी दमट दिवसात मोठ्या एसीपेक्षा हवा बरी कोरडी करील. मोठं यंत्र दोन मिनिटांत तापमान गाठून थांबतं आणि ओल तशीच राहते.

यातला सर्वांत स्वस्त उपाय बहुतेक सोसायट्यांत अडतो, आणि तो खर्चापायी नव्हे. आख्खी बाल्कनी काचेनं बंद केली तर कमिटी कानाडोळा करते, पण काचेबाहेर बांबूच्या चिका सोडल्या की इमारतीचं 'एलेव्हेशन' बिघडतं म्हणून नोटीस येते. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या बाहेरच्या चिकांना सरसकट परवानगी, आणि ठराव मार्चच्या आत.